ड्राफ्टमध्ये निवड झाली, पुढे काय? बेसबॉलच्या कोवळ्या व्यावसायिकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेजर लीग बेसबॉल म्हणजे अमेरिकेतली या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, आता दर जुलैमध्ये होतो आणि अठरा-वीस वर्षांच्या पोरांची नावं बातम्यांत झळकतात. काही वर्षांनी त्यातली एखाद-दोन नावं पोलिसांच्या किंवा कोर्टाच्या बातमीत दिसतात. अमेरिकेत राहणारे मराठी पालक आणि इकडून हा खेळ पाहणारे वाचक याविषयी जे पुन्हापुन्हा विचारतात, त्याची ही उत्तरं. माझं मत आधीच सांगून ठेवतो. ही मुलं चुकतात, पण एकटी पडली की जास्त चुकतात, आणि त्यांना एकटं पाडणारी व्यवस्था मोठ्या माणसांनी उभी केली आहे.

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय? त्यात कोण असतं?

नव्या खेळाडूंना संघांत वाटून देण्याची ही पद्धत १९६५ साली सुरू झाली. सर्वांत पहिली निवड रिक मंडेची होती, कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सने त्याला घेतलं. सध्या ३० संघ आळीपाळीने निवड करतात. २०१९ पर्यंत ४० फेऱ्या होत, २०२० मध्ये कोविडमुळे फक्त ५ झाल्या आणि २०२१ पासून २० होतात. म्हणजे वर्षाला सहाशेच्या आसपास मुलं. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथलेच खेळाडू यात येतात. डॉमिनिकन रिपब्लिक किंवा व्हेनेझुएलाच्या मुलांशी संघ थेट करार करतात, तेही सोळाव्या वर्षापासून.

हायस्कूल संपवलेल्या मुलाने करार नाकारून चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा तो २१ वर्षांचा होईपर्यंत त्याला पुन्हा ड्राफ्टमध्ये येता येत नाही. एवढा मोठा निर्णय घ्यायला हातात असतात काही आठवडे.

निवड झाली की लगेच मोठ्या संघातून खेळायला मिळतं का?

जवळपास कधीच नाही. आधी मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या, तयारीच्या पायऱ्या. सर्वांत खाली फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनातले प्रशिक्षण-संकुलांचे संघ, मग लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. बहुतेकांचा प्रवास यातल्याच कुठल्या तरी पायरीवर संपतो.

थेट वर नेलं तर काय होतं, याचं उदाहरण डेव्हिड क्लाइड. ह्यूस्टनचा हा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) १९७३ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. टेक्सास रेंजर्सला तेव्हा प्रेक्षक मिळत नव्हते. शाळा संपून तीन आठवडेही झाले नव्हते आणि २७ जून १९७३ ला मालक बॉब शॉर्ट यांनी या अठरा वर्षांच्या पोराला मेजर लीगच्या सामन्यात उतरवलं. ३५ हजारांवर लोक आले, मैदान तुडुंब भरलं. क्लाइडने ५ डावांत ८ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, ७ जणांना मोफत बेसवर पाठवलं आणि सामना जिंकला. दोन सामन्यांनंतर त्याला मायनर लीगमध्ये पाठवायचं ठरलं होतं. पण तिकिटं खपत होती, म्हणून तो तिथेच राहिला. संघात त्याच्या वयाचं कुणी नव्हतं. तो दारूकडे वळला, खांदा दुखावला आणि २६ व्या वर्षी १८ विजय व ३३ पराभव घेऊन बाहेर पडला. निवृत्तिवेतनासाठी लागणारा सेवाकाळही ३७ दिवसांनी कमी पडला. त्या रात्री गल्ला मालकाचा भरला. त्याची किंमत पोराने चुकवली, हे लिहिताना आजही राग येतो.

मायनर लीगमध्ये पगार किती मिळतो?

२०२३ पर्यंत लाज वाटावी इतका कमी होता. लो-ए आणि हाय-एमध्ये वर्षाला किमान ११,००० डॉलर, तळाच्या संकुल-संघात ४,८०० डॉलर. पैसे फक्त हंगामापुरते मिळत. स्प्रिंग ट्रेनिंगचे (हंगामाआधीच्या शिबिराचे) आणि हिवाळ्यातल्या सरावाचे नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात मुलं गोदामात नाहीतर डिलिव्हरीच्या कामावर जात. २०१८ साली अमेरिकी संसदेने या खेळाडूंना ओव्हरटाइमच्या नियमातून वगळणारा कायदा केला, तोही संघमालकांच्या आग्रहाने. माजी खेळाडूंनी २०१४ मध्ये दाखल केलेल्या वेतनाच्या खटल्यात २०२२ साली १८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार किमान वेतन संकुल-संघात १९,८००, लो-एमध्ये २६,२००, हाय-एमध्ये २७,३००, डबल-एमध्ये ३०,२५० आणि ट्रिपल-एमध्ये ३५,८०० डॉलर झालं. त्याच वर्षी मेजर लीगचं किमान वेतन ७,२०,००० डॉलर होतं. मधे एकच पायरी, आणि फरक वीसपटीचा.

राहण्याची सोय संघांनी करायची, हा नियम २०२२ चा. त्याआधी दोन खोल्यांच्या घरात सहा-सात जण हवेच्या गाद्या टाकून झोपत.

पण सायनिंग बोनस लाखांत असतो ना? मग चणचण कसली?

लाखांत असतो तो वरच्या फेऱ्यांतल्या खेळाडूंचा. २०२४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या चार्ली काँडनला ९२.५ लाख डॉलर मिळाले. शेवटच्या फेऱ्यांत कॉलेज संपवून आलेल्या मुलाला मात्र काही हजारांवर सही करावी लागते, कारण नाही म्हणायला त्याच्याकडे दुसरी वाटच नसते. शिवाय बोनस एकदाच मिळतो. त्यातून कर आणि एजंटचा वाटा जातो आणि उरलेल्यावर पुढची सहा-सात वर्षं काढायची असतात. अठराव्या वर्षी खात्यात एवढे पैसे आले की पहिली खरेदी बहुधा गाडीची होते. त्यानंतर चुलत-मावस नातेवाइकांचे फोन येऊ लागतात.

अशा वेळी भविष्यातली कमाई गहाण टाकून रोख रक्कम देणारेही भेटतात. 'बिग लीग अ‍ॅडव्हान्स' ही कंपनी मायनर लीगच्या खेळाडूला आज पैसे देते आणि तो मेजर लीगमध्ये पोहोचला तर त्याच्या कमाईतला ठरलेला हिस्सा घेते. नाही पोहोचला तर परतफेड नाही. फर्नांडो टॅटिस ज्युनिअरने कोवळ्या वयात असा करार केला, पुढे २०२१ मध्ये त्याला १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि २०२५ मध्ये त्याने या कंपनीविरुद्ध खटला भरला. तो ड्राफ्टमधून आलेला नाही, पण असा प्रस्ताव ड्राफ्टमधल्या मुलांपुढेही येतो. बुडालो तर देणं नाही, हे खरं. पण तरलो तर जन्मभर देणं आहे, हे सही करताना वाचून दाखवणारं माणूस शेजारी हवं.

मुलं बिघडतात ती पैशामुळेच का?

माझ्या मते पैशापेक्षा रिकामा वेळ आणि एकटेपणा जास्त घातक आहे. मायनर लीगचा दिवस असा असतो: दुपारी एक-दोनला मैदानावर, सातला सामना, दहाला संपतो. अंघोळ करून बाहेर पडलं की छोट्या गावात उघडं काय असतं? बार आणि बर्गरचं दुकान. दारूचं कायदेशीर वय २१, पण खोलीतला जोडीदार २४ वर्षांचा असतो. आणि जखमी खेळाडूची गत तर आणखी वाईट. तो संघापासून दूर फ्लोरिडा नाहीतर अ‍ॅरिझोनातल्या संकुलात असतो, त्याचे व्यायाम दुपारी बारापर्यंत आटोपतात आणि बाकीचा दिवस तोंड वासून समोर उभा राहतो.

जॉश हॅमिल्टनचं नेमकं हेच झालं. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलीचा हा मुलगा १९९९ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. टॅम्पा बेने ३९.६ लाख डॉलर दिले. आईवडिलांनी नोकऱ्या सोडल्या आणि मुलाबरोबर गावोगाव फिरू लागले. लोकांनी तेव्हा नावं ठेवली, पण ते सोबत होते तोवर मुलगा सरळ होता. २००१ मध्ये फ्लोरिडात त्यांच्या गाडीला ट्रकने धडक दिली. त्याची पाठ दुखावली, आईवर उपचार करायचे म्हणून आईवडील घरी परतले आणि तो आयुष्यात पहिल्यांदा एकटा राहिला. दिवस काढायला तो टॅटूच्या दुकानात जाऊन बसू लागला. तिथल्या ओळखींतून आधी दारू, मग कोकेन. २००४ ते २००६ तो बंदीमुळे खेळाबाहेर होता. सावरला तो आजीच्या घरी.

२००७ मध्ये सिनसिनाटी रेड्समधून तो मेजर लीगमध्ये आला, तेव्हा त्याला लहानपणापासून ओळखणारे प्रशिक्षक जॉनी नॅरन सावलीसारखे बरोबर असत. जेवणाचा रोजचा भत्तासुद्धा तेच सांभाळत. २०१० मध्ये, तेव्हा टेक्सास रेंजर्सकडे असताना, तो अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तिथल्या सहकाऱ्यांनी विजयोत्सवात त्याच्यासाठी शॅम्पेनऐवजी जिंजर एल उडवलं. पुढेही तो काही वेळा घसरला. व्यसनाचं असंच असतं, एकदा जिंकून सामना संपत नाही.

ब्रायन टेलरचं नाव नेहमी का घेतात?

कारण तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या बोफर्टचा हा डावखुरा १९९१ मध्ये यँकीजने घेतला. वडील गवंडीकाम करत. सुरुवातीला देऊ केलेली रक्कम आई बेटी यांनी साफ नाकारली, सल्लागार होते स्कॉट बोरास, आणि अखेर १५.५ लाख डॉलरवर करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये सुट्टीत घरी असताना भावाशी कुणाचं तरी भांडण झालं. भावाच्या बाजूने हा गेला आणि मारामारीत डावा खांदा फाटला. शस्त्रक्रियेनंतर पूर्वीचा वेग कधीच आला नाही. पुढे तो वडिलांबरोबर विटा रचायचं काम करत होता. २०१२ मध्ये क्रॅक कोकेन विकल्याच्या गुन्ह्यात त्याला ३८ महिन्यांची शिक्षा झाली.

त्या रात्रीसाठी त्याला 'मूर्ख' म्हणणं मला पटत नाही. भावाला मारलं म्हटल्यावर एकविसाव्या वर्षी घरात बसून राहणारे किती निघतील? अमली पदार्थ विकणं मात्र त्याने स्वतः निवडलं. या दोन गोष्टी एकाच माळेत ओवू नयेत.

दारू पिऊन गाडी चालवण्याची प्रकरणं नेहमी 'पुनरागमनाची कहाणी' म्हणून का सांगतात?

सांगू नयेत. मॅट बुशला २००४ मध्ये सॅन डिएगो पाड्रेसने पहिल्या क्रमांकावर घेतलं. गावचा मुलगा आणि इतरांपेक्षा स्वस्त, हे त्यामागचं गणित होतं. दुसऱ्या क्रमांकावर जस्टिन व्हर्लँडर गेला. बुशला ३१.५ लाख डॉलर मिळाले आणि व्यावसायिक सामना खेळण्याआधीच अ‍ॅरिझोनात बारमधल्या भांडणावरून त्याला अटक झाली. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) म्हणून जमलं नाही, तेव्हा त्याला पिचर केलं. दारूच्या घटना थांबल्या नाहीत. संघ शिक्षा करत, सोडून देत आणि दुसरा संघ त्याला घेई. मार्च २०१२ मध्ये फ्लोरिडात सहकाऱ्याची गाडी घेऊन नशेत निघालेल्या बुशने ७२ वर्षांच्या मोटारसायकलस्वाराला उडवलं आणि तो तिथे न थांबता पळाला. ते गृहस्थ वाचले, पण जबर जखमी झाले. बुशला ५१ महिन्यांची शिक्षा झाली.

शिक्षेच्या अखेरीस तो 'गोल्डन कोरल' या खानावळीत कामाला होता. पायाला पोलिसांचं ट्रॅकर. टेक्सास रेंजर्सच्या लोकांनी त्याची गोलंदाजी पाहिली ती त्या खानावळीच्या पार्किंगमध्ये. संघाने घेतलं, पण दारूचा थेंब नाही आणि वडील सोबत राहणार, या अटींवर. १३ मे २०१६ ला वयाच्या तिसाव्या वर्षी तो मेजर लीगमध्ये उतरला. पार्किंगचा प्रसंग सगळे रंगवून सांगतात. त्या वृद्ध गृहस्थांचं पुढे काय झालं, हे फार थोडे विचारतात. आणि वडिलांना सोबत ठेवण्याची अट २०१६ ऐवजी २००४ मध्ये घातली असती तर?

अमली पदार्थांच्या चाचण्यांचे नियम सगळ्यांना सारखे आहेत का?

बरीच वर्षं नव्हते. मेजर लीगच्या खेळाडूंमागे संघटना होती, मायनर लीगवाल्यांमागे कुणीच नव्हतं. त्यामुळे गांजासाठी मोठी शिक्षा खालच्यांनाच होई. जॉन सिंगलटनला २०१३ मध्ये ५० सामने आणि २०१८ मध्ये १०० सामने बाहेर बसवलं. त्याने आपल्याला व्यसन असल्याचं उघडपणे मान्य केलं होतं, तरीही. डिसेंबर २०१९ मध्ये गांजा बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीतून काढला गेला. सिंगलटन २०२३ मध्ये मेजर लीगमध्ये परतला.

नियम बदलायला एक मृत्यू कारण ठरला. २००९ च्या ड्राफ्टमधून एंजल्सकडे गेलेला पिचर टायलर स्कॅग्स १ जुलै २०१९ रोजी टेक्सासच्या हॉटेलात मृतावस्थेत सापडला, शरीरात ऑक्सिकोडोन आणि फेंटानिल होतं. त्याला गोळ्या पुरवणारा संघाचाच जनसंपर्क अधिकारी निघाला. त्याला २२ वर्षांची कैद झाली. आता अशा अफूवर्गीय वेदनाशामकांची (ओपिऑइडची) चाचणी होते आणि पहिलं पाऊल उपचाराचं असतं.

मोबाइलवरच्या सट्ट्याचं काय?

सध्याचा सर्वांत मोठा सापळा हाच आहे. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अमेरिकेत राज्यामागून राज्यांनी क्रीडा-सट्टा कायदेशीर केला. सामना दाखवताना त्याच्याच जाहिराती, मैदानावर त्याचेच फलक. पण बेसबॉलवर पैसे लावणं खेळाडूंना पूर्ण निषिद्ध आहे. नियम २१ प्रत्येक क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला असतो. ज्या सामन्याशी आपला संबंध नाही त्यावर पैसे लावले तर एक वर्ष बंदी, आपल्या संघाच्या सामन्यावर लावले तर कायमची.

जून २०२४ मध्ये पाच जणांवर कारवाई झाली. वर्षभर बंदी आलेल्यांत जे ग्रूम होता, २०१६ च्या ड्राफ्टमधला बारावा खेळाडू. मायकेल केलीने मायनर लीगमध्ये असताना लावलेली एकूण रक्कम शंभर डॉलरच्याही आत होती. तुकुपिता मार्कानोने मात्र दुखापतीमुळे बाहेर असताना स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो कायमचा बाद झाला. इथेही दुखापत आणि रिकामे दिवस आहेत, हे लक्षात घ्या.

मन खचलं तर मुलं कुणाशी बोलतात?

पूर्वी कुणाशीच नाही. २००२ मध्ये सहाव्या क्रमांकावर निवडलेला झॅक ग्रिंकी २००६ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमधून निघून गेला. नैराश्य आणि लोकांत वावरण्याची तीव्र भीती, असं निदान झालं. त्याच्या संघाने, कॅन्सस सिटीने, त्याला वेळ दिला, त्याने औषधं घेतली आणि २००९ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. २०१० च्या ड्राफ्टमधला ड्रू रॉबिन्सन २०२० मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून बचावला. एक डोळा गमावूनही दुसऱ्या वर्षी तो ट्रिपल-एमध्ये खेळला आणि नंतर सॅन फ्रान्सिस्को जायंट्समध्ये मानसिक आरोग्यासाठीच काम करू लागला. तुमच्या घरातलं कुणी अशा अवस्थेत असेल तर अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

ठरलेला करार ऐनवेळी मोडू शकतो का?

हो. २०१४ मध्ये ह्यूस्टनने ब्रेडी एकनला पहिल्या क्रमांकावर निवडून ६५ लाख डॉलर कबूल केले, वैद्यकीय तपासणीत कोपराच्या स्नायुबंधाबद्दल शंका आली, रक्कम कमी केली आणि सही झालीच नाही. पुढच्या वर्षी क्लीव्हलंडने त्याला घेतलं, पण तो मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. कुमार रॉकरचंही २०२१ मध्ये मेट्सशी असंच फिसकटलं. मात्र २०२२ मध्ये टेक्सासने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये आला. त्याचं आजोळ भारतीय वंशाचं आहे.

भारतातून कुणी गेलं आहे का?

ड्राफ्टमधून नाही, कारण भारत त्यात येतच नाही. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना २००८ च्या एका स्पर्धेनंतर पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. दोघांनी तळाच्या लीगपासून सुरुवात केली, मेजर लीग गाठली नाही.

आमचा मुलगा अमेरिकेत हायस्कूलच्या संघात आहे. निवड झालीच तर घरच्यांनी काय पाहावं?

एजंटपासून सुरुवात करा. कॉलेजची पात्रता टिकवायची असेल तर एजंट संघाशी बोलू शकतो की नाही, याचे नियम कडक आहेत. ओक्लाहोमा स्टेटच्या अँडी ऑलिव्हरला २००८ मध्ये याच कारणावरून अपात्र ठरवलं होतं. तो कोर्टात गेला आणि शेवटी कॉलेज क्रीडा संघटनेला साडेसात लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. २०१६ पासून हायस्कूलच्या मुलांना थोडी सूट आहे. तरी आधी कॉलेजच्या नियम पाहणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा.

करारात कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च घालून घ्या. खेळ सोडल्यावर दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करण्याची अट असते, ती तारीख घरात लिहून ठेवा. बोनसची रक्कम मुलाच्या एकट्याच्या हाती किंवा एजंटच्या ओळखीच्या गुंतवणूकदाराकडे देऊ नका. स्वतःची फी घेणारा, एजंटशी संबंध नसलेला हिशेबनीस शोधा. संघाला विचारा: मुलगा जखमी झाला तर कुठे राहील, कुणाबरोबर राहील, दुपारनंतर त्याच्याकडे कोण पाहील? उत्तर गुळमुळीत आलं तर कॉलेजचा पर्याय पुन्हा उघडून बघा. आणि पहिली दुखापत होईल तेव्हा, रजा काढावी लागली तरी, घरातलं कुणीतरी तिथे जाऊन राहा.